रास्पबेरी पायवर घरचा ऑडिओ सर्व्हर: आजीच्या ओव्या मावशीच्या फोनवर

नेहमीप्रमाणे हे बोललेलंच लिहून काढलंय. फक्त मधले "अं", "म्हणजे बघा" आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या कापल्यात.

आजचा विषय: हातावर मावणाऱ्या एका बोर्डावर घरचा ऑडिओ सर्व्हर कसा उभा करायचा. युट्यूब आहे, स्पॉटिफाय आहे, मग हा उद्योग कशाला, असा पहिला प्रश्न येतो. तर माझ्याकडे चौदा कॅसेट आहेत. माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, आणि तिच्याबरोबर दळायला बसणाऱ्या बायकांच्या ओव्या. नव्वदच्या दशकात मामाने मावळातल्या घरी टेपरेकॉर्डर ठेवून त्या भरल्या. तोवर गावात गिरणी आली होती, जातं कोपऱ्यात गेलं होतं, मामाने आग्रह करून ते पुन्हा मांडायला लावलं. आजी आता नाही. कॅसेटवर नुसतं "ओव्या, बाजू ब" एवढंच लिहिलंय. कुठला आवाज कुणाचा, हे सांगू शकणारी दोनच माणसं उरलीत. एक माझी थोरली मावशी, वय ७९, आणि दुसऱ्या तिच्या शेजारच्या काकू. मावशी वडगाव मावळजवळ, मी पिंपळे गुरवला. तिने सवडीने ऐकावं, "ही अमक्याची सून" असं सांगावं आणि ते मी लिहून घ्यावं, एवढंच काम आहे. पण त्याला घाई आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवून बघितलं. फोन बदलला की जातं, स्टोरेज भरलं की कुणीतरी डिलीट करतं. युट्यूबला मामीने साफ नाही म्हटलं. तिचं म्हणणं बरोबर आहे: त्या ओव्यांत सासूची, दिराची गाऱ्हाणी आहेत, तीही नावानिशी. जात्यावर बसून आपल्या माणसांत म्हटलेलं ते, ते जगाला ऐकवायचं की नाही हे आपण परस्पर ठरवायचं नसतं. म्हणून घरचा सर्व्हर.

बॅकएंड म्हणजे भटारखाना

हॉटेलात आपण टेबलावर बसतो, मेनू बघतो, ते झालं ॲप. आत भटारखान्यात जे चाललेलं असतं तो बॅकएंड. ऑडिओच्या बाबतीत आतल्याची कामं अशी: कुठल्या फाइल आहेत त्याची यादी ठेवायची, मागणारा आपला आहे का ते पासवर्डने बघायचं, आणि फाइलचे छोटेछोटे तुकडे फोनकडे पाठवत राहायचे. गरज पडली तर पाठवता पाठवता आवाज आणखी दाबून लहान करायचा.

आता यातली गंमत बघा. या सगळ्यात सर्व्हरमधून आवाज येतच नाही! आवाज मावशीच्या फोनमधून येतो. त्यामुळे दुकानात कुणी "ऑडिओसाठी ना? मग हे साउंड कार्डही घ्या" म्हणालं, तर हसून नको म्हणा. पायलाच स्पीकर जोडून घरात गाणी वाजवायची असतील तेव्हा ते लागतं. रास्पबेरी पाय ५ ला हेडफोनचं भोकच नाही, म्हणून काही जण तो घेत नाहीत. आपल्या कामाला त्याने काडीचा फरक पडत नाही.

मी घेतला पाय ४, दोन जीबी रॅमचा, तोही वापरलेला. हे मॉडेल २०१९ चं आहे. पहिला रास्पबेरी पाय बाजारात आला २९ फेब्रुवारी २०१२ ला, ३५ डॉलरला, शाळकरी मुलांनी कोडिंग शिकावं म्हणून. त्याला असं रात्रंदिवस राबवायचं काम नंतर आपल्यासारख्यांनी लावलं. नवा घ्यायचा तर ऑनलाइन मिळतो. मला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हिंडायला आवडतं, कारण केबल, डबी, हीटसिंक हे सगळं हातात घेऊन बघता येतं.

पैसे वाचवायचे तर बोर्डावर वाचवा, अडॅप्टरवर नको. पाय ४ ला पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा चांगला अडॅप्टर लागतो. फोनचा चार्जर आणि बारीक केबल लावली की जोर पडल्यावर व्होल्टेज खाली येतं, बोर्ड आपला वेग कमी करतो, आणि यूएसबीला जोडलेली डिस्क मध्येच गायब होते. मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतात. पायमध्ये "व्हीसीजेनसीएमडी" नावाची कमांड आहे, तिला "गेट थ्रॉटल्ड" विचारायचं. उत्तर शून्य एक्स शून्य आलं तर वीज ठीक आहे. दुसरं काहीही आलं तर आधी केबल बदला.

एवढ्याशा डबीत मावणार किती?

इथे एक खरं उदाहरण घेऊ, आपल्या मराठीतलंच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्यातल्या दोन अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल या फ्रेंच अभ्यासकाची साथ मिळाली. ते संगीताचेही जाणकार आणि कॉम्प्युटरचेही. त्या कामातून सुमारे १२० तासांचं रेकॉर्डिंग उभं राहिलं. पी. साईनाथांनी सुरू केलेलं "पारी", म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, २०१७ पासून त्या ओव्या ऑनलाइन ऐकवतंय. मुळशीतल्या कोळवडेच्या बायका आहेत, परभणीतल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. वेळ काढून ऐकाच.

आता हिशोब. सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता ठेवला तर तासाला साधारण ६३५ एमबी लागतात. १२० तासांचे झाले ७६ जीबी. तेच ओपस या फॉरमॅटमध्ये ६४ केबीपीएसला ठेवलं तर तासाला २९ एमबीच्या आत, म्हणजे १२० तास साडेतीन जीबीत! एवढं मोठं काम आणि ते एका जुन्या पेनड्राइव्हवर बसतं. बोलणं किंवा एकटा गाणारा आवाज असेल तर ६४ केबीपीएस भरपूर झालं. ओपस काही परकं नाही, तुमच्या व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्स त्यातच असतात. २०१२ मध्ये ते खुलं मानक म्हणून जाहीर झालं, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

मोबाइल डेटाचंही तसंच. रोजचा दीड जीबीचा प्लॅन असेल तर त्यात ५० तास ऐकता येईल, आणि दिवस तर २४ तासांचाच असतो. मावशीला नातवाने "डेटा संपेल हं" म्हणून घाबरवलं होतं, त्याला हा हिशोब पाठवला.

पण मूळ प्रत मात्र दाबू नका. कॅसेटवरून उतरवताना मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट घेतलं आणि फ्लॅकमध्ये ठेवलं. फ्लॅक फाइल लहान करतं, पण आवाजातलं काहीही टाकून देत नाही. ऐकवताना सर्व्हर त्याची ओपस प्रत जागच्या जागी बनवतो. पायला लाइन-इन नाही, त्यामुळे यूएसबीचा छोटा ऑडिओ इंटरफेस लागतो. टेपचं हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं एकाच जागी गुंडाळलेली पट्टी मोकळी होते. आणि खरखर काढायचा मोह आवरा! जात्याची घरघर आणि टेपची खरखर सॉफ्टवेअरला एकच वाटते, ते दोन्ही काढतं. आमच्या ओव्यांतून जातं गेलं तर उरलं काय?

सर्व्हिस कशाला म्हणायचं

सर्व्हरसाठी मी नॅव्हिड्रोम वापरते. फुकट आहे, खुलं आहे, एकच प्रोग्रॅम फाइल असते, आणि दोन जीबीच्या पायला त्याचं ओझं होत नाही. पायवर रास्पबेरी पाय ओएसची "लाइट" आवृत्ती टाका, डेस्कटॉप नसलेली. कार्ड बनवतानाच इमेजरमध्ये वाय-फाय, युजर आणि एसएसएच भरता येतं, म्हणजे पायला स्क्रीन-कीबोर्ड जोडावाच लागत नाही. मग नॅव्हिड्रोमला एक फोल्डर दाखवायचं. ते फाइलींचे टॅग वाचून यादी बनवतं आणि ४५३३ या पोर्टवर उभं राहतं. त्याचा स्वतःचा वेब प्लेअर आहे, शिवाय सबसॉनिकची भाषा बोलणारं फोनवरचं कुठलंही ॲप त्याला जोडता येतं. एक लक्षात ठेवा: पहिल्यांदा जो कुणी ते पान उघडेल त्यालाच ते "तू ॲडमिन, पासवर्ड ठेव" म्हणतं. म्हणून बाहेरच्या जगाला दार उघडण्याआधी ते पान स्वतः उघडा.

हे सगळं एका संध्याकाळी होतं. बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात, "आणि बघा, वाजलं!" खरं काम इथून पुढे आहे. मी कंपनीत असताना, रात्री झोपलेली असताना, लाईट जाऊन आल्यावर, कुणी हात न लावता ते चालू राहिलं पाहिजे. मावशी दुपारी दोनला ऐकते, ती काय टर्मिनल उघडणार आहे?

लिनक्समध्ये हे बघणारा सिस्टमडी असतो. त्याला एक छोटी फाइल लिहून द्यायची: हा प्रोग्रॅम, या युजरने चालवायचा, पडला तर पाच सेकंदांनी पुन्हा उठवायचा, बोर्ड चालू झाला की आपणहून सुरू करायचा. यातली बहुतेकांची सुटणारी ओळ म्हणजे "रिक्वायर्स माउंट्स फॉर". होतं काय, की फाइली असतात यूएसबी डिस्कवर. लाईट आल्यावर पाय उठतो, डिस्कला जागं व्हायला दोन सेकंद जास्त लागतात, आणि तोवर नॅव्हिड्रोम सुरू होऊन रिकामं फोल्डर बघतो. त्याच्या दृष्टीने तुमच्या सगळ्या ओव्या हरवल्या! ही ओळ टाकली की डिस्क जोडली जाईपर्यंत तो थांबतो. आणि युजर वेगळा बनवा, ज्याला त्या फोल्डरमध्ये फक्त वाचायची परवानगी आहे. ऐकवणाऱ्याला खोडायचा अधिकार कशाला?

लाईटचं बोलायचं तर आपल्या पट्ट्यात गुरुवार. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, म्हणून देखभालीची कामंही बहुतेक त्याच दिवशी, हे भोसरी-चाकणकडच्यांना सांगायला नको. पायला अचानक लाईट गेलेली सोसत नाही, म्हणजे बोर्डाला चालतं, पण मेमरी कार्डवर तेव्हा काही लिहिणं चालू असेल तर कार्ड बिघडू शकतं. उपाय असा, की कार्डावर लिहिणंच कमी करायचं. नॅव्हिड्रोमची सगळी माहिती एसएसडीवर, रोजच्या नोंदी रॅममध्ये, आणि कार्डावर फक्त ऑपरेटिंग सिस्टम. शिवाय राउटरसाठी मिळतात तसा छोटा यूपीएस. पण राउटरवाला बहुधा बारा व्होल्टचा असतो, पायला पाच व्होल्टच हवेत. घेताना डबीवरचा आकडा वाचा. विजेचं बिल विचाराल तर चार वॉट धरा, महिन्याला तीन युनिट होतात.

वाय-फायपेक्षा केबल बरी. पिंपळे गुरवात इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की माझ्या हॉलमध्ये शेजाऱ्यांच्या वाय-फायची नावं मोजली तर वीसच्या पुढे जातात. चाळीतला नळ आणि वीस बादल्या, तसं ते. पाय राउटरशेजारी ठेवून एक मीटरची केबल लावली की तो विषय संपला.

घराबाहेरून ऐकायचं कसं

इथे बरेच जण अडकतात. जुने लेख सांगतात, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा. ते करूनही काही होत नाही, कारण आजकाल बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी घरांमध्ये वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटवर एकच पत्ता, आत दोनशे फ्लॅट, आणि वॉचमनला फ्लॅट नंबर माहीत नाही. पार्सल आलं तर गेटवरूनच परत. तुमचं तसंच आहे का ते ओळखायचं असेल तर राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सीजीनॅट आहे.

मग उलटं करायचं. बाहेरच्याने आत यायचं नाही, आपल्या पायनेच आतून बाहेर एक बोगदा काढायचा. टेलस्केल हे काम सोपं करतं. ते वायरगार्डवर चालतं, जो २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पायवर टेलस्केल, मावशीच्या फोनवर टेलस्केल, की दोघं एकाच घरात असल्यासारखे बोलतात. रस्त्यात कुणाला काही दिसत नाही आणि जगासाठी कुठलंच दार उघडं राहत नाही. ज्यांना फोनवर आणखी एक ॲप नको असेल त्यांच्यासाठी फनेल नावाची सोय आहे, ती एक सार्वजनिक पत्ता देते. पण मग तो पत्ता कुणालाही उघडता येतो, पासवर्ड भक्कम हवा. मामीचं म्हणणं आठवून मी फनेल घेतलं नाही.

मावशीच्या फोनवर मी होम स्क्रीनवर एकच चिन्ह ठेवलं, जात्याचा फोटो. दाबलं की ओव्यांची यादी. पहिल्या दिवशी तिचा फोन आला, "अगं, ही तर माझीच बोलतेय!" तिला तिची आई ऐकू आली होती. मग दहा मिनिटं आम्ही दोघी तांत्रिक काही बोललो नाही.

नाव लावायचं काम

राईरकर आणि पॉइतवाँच्या संग्रहातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. "पारंपरिक, अज्ञात" असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. मी तेच नियम म्हणून घेतलं. प्रत्येक बाजू अर्ध्या तासाची. ती ऑडॅसिटीत ओवीच्या थांब्यावर तोडायची, आणि प्रत्येक तुकड्याला टॅग: कलाकाराच्या जागी गाणारीचं नाव, अल्बमच्या जागी कॅसेट आणि बाजू, शेऱ्यात मावशीने सांगितलेलं नातं. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच असतात, देवनागरी बिनधास्त टाका. फाइलचं नाव मात्र मी आकड्यांत ठेवते, कारण नाव नंतर बदलतं. आज "मावशीला वाटतं अमकी" असतं, पुढच्या आठवड्यात काकू म्हणतात "नाही गं, ती तिची धाकटी जाऊ". दोघींचं जमलं नाही तर दोन्ही नावं शेऱ्यात लिहायची, कलाकाराची जागा रिकामी ठेवायची. एका चुकीच्या नावापेक्षा ती रिकामी जागा बरी.

एक बारीक गोष्ट. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ आडवं येतं. "गंगूबाई" लिहिलं आणि "गंगुबाई" शोधलं तर काहीच सापडत नाही. एक साधी यादी करून ठेवा, नाव कसं लिहायचं ठरलंय ते, आणि तिलाच चिकटून राहा.

सध्या नऊ कॅसेट उतरल्यात आणि सहांना नावं लागलीत. बाराव्या कॅसेटची पट्टी तुटलेली आहे, ती जोडायला त्यातलं कळणारा माणूस शोधतेय. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तापकीर गल्लीच्या आसपास कॅसेट दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर कळवा.

राहिला बॅकअप. रोज रात्री तीन वाजता पाय आरसिंकने सगळं फोल्डर मामाच्या निगडीच्या घरच्या डिस्कवर पाठवतो. तिथे दुसरा, त्याहून जुना पाय बसवलाय, त्याच टेलस्केलवर. फक्त नवीन आणि बदललेलं जातं, त्यामुळे पाच मिनिटंही लागत नाहीत. आरसिंकला "डिलीट" हा पर्याय देऊ नका, नाहीतर इकडे चुकून खोडलेलं तिकडेही इमानदारीत खोडलं जाईल. नावांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळी ठेवते आणि महिन्यातून एकदा छापून मावशीला देते. तिला ती वहीत चिकटवायची असते, आणि त्यावर ती पेनाने दुरुस्त्या करून परत देते.

सिस्टमडीची फाइल तुमची लिहून झाली की एकदा पायचा प्लग सरळ उपटून बघा. दोन मिनिटांनी पुन्हा लावा आणि हात न लावता फोनवर यादी येते का ते पाहा. आली, तर मावशीला नंबर द्यायला हरकत नाही. पुढच्या भागात भेटू, तोवर बाय!